जेफ मिल्स आणि टेक्नोची नृत्यसंस्कृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेफ मिल्स कोण आहेत?

जेफ मिल्स हे १९६३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जन्मलेले डीजे आणि संगीतकार आहेत. १९९२ साली त्यांनी 'अ‍ॅक्सिस' हे लेबल, म्हणजे तबकड्या प्रसिद्ध करणारी संस्था, स्थापन केले. टेक्नोचे, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या या नृत्यसंगीताचे, जनक म्हणून हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तिघांची नावे घेतली जातात. मिल्स वयाने त्यांच्याच बरोबरीचे असले, तरी त्यांचा या संगीताकडे येण्याचा रस्ता वेगळा होता, कारण तो रेडिओ केंद्रातून आला. नाचण्यासाठी वाजवले जाणारे संगीत माणसाला त्याच वेळी विचारही करायला लावू शकते, या विश्वासावर त्यांनी आपली सगळी कारकीर्द उभारली आहे. ही गोष्ट लक्षात घेतली की त्यांचे वरवर विक्षिप्त वाटणारे अनेक निर्णय एकाच सूत्रात ओवलेले दिसतात.

टेक्नो आणि हाउस यांत फरक कोणता?

दोन्हींचा पाया एकच आहे : चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर पडणारा किक ड्रमचा (खर्जातल्या मोठ्या ढोलाचा) ठोका. हाउस शिकागोत घडले. 'वेअरहाउस' या क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स डिस्को आणि सोलच्या तबकड्या वाजवत असत आणि हाउसने त्या संगीतातला मानवी आवाज व ऊब टिकवून ठेवली. डेट्रॉइटच्या टेक्नोने मात्र यंत्राचा आवाज लपवायचे नाकारले आणि त्यालाच मुख्य पात्र केले. दोन्ही प्रवाह कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणांनी निर्माण केले, ही गोष्ट युरोपातल्या प्रसिद्धीच्या झोतात अनेकदा मागे पडते आणि म्हणून ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

टेक्नोचा जन्म डेट्रॉइटमध्येच का झाला?

या प्रश्नाचे ठरावीक उत्तर असे दिले जाते की मोटारींचे कारखाने बंद पडले, शहर ओस पडले आणि त्या भकासपणाचा आवाज म्हणजे टेक्नो. यात तथ्य आहेच. १९५० साली साडेअठरा लाख लोकसंख्या असलेले हे शहर १९९० पर्यंत जेमतेम सव्वादहा लाखांवर आले होते, आणि १९६७ च्या वांशिक दंगलीनंतर गोऱ्या वस्तीचे उपनगरांकडे जाणे अधिकच वेगाने झाले. परंतु निव्वळ भकासपणातून संगीत उगवत नाही. अ‍ॅटकिन्स, मे आणि सॉन्डरसन हे डेट्रॉइटबाहेरच्या बेलव्हिल या गावातील शाळेत शिकलेले. मोटार उद्योगाने त्या भागातल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना स्थिर उत्पन्न दिले होते, आणि त्यामुळे त्या घरांतील मुलांना तबकड्या विकत घेणे, सिंथेसायझर हाताळणे, शालेय मित्रमंडळींच्या पार्ट्या भरवणे शक्य झाले. उद्योगाच्या पडझडीइतकाच त्याच्या भरभराटीचाही टेक्नोच्या जन्मात वाटा आहे, असे मला वाटते.

दुसरे कारण रेडिओचे. 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने ओळखले जाणारे निवेदक रात्रीच्या कार्यक्रमात फंक या ठेकेदार अमेरिकन शैलीतला पार्लमेंट-फंकाडेलिक गट, गायक प्रिन्स आणि जर्मनीचा इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा गट क्राफ्टवेर्क यांना एकापाठोपाठ एक वाजवत. संगीताची जात, वंश किंवा देश यांची कुंपणे त्यांच्या कार्यक्रमात नव्हती. त्या श्रोत्यांपैकी ज्यांनी पुढे स्वतःचे संगीत केले, त्यांना फंक आणि यंत्र यांत विरोध वाटलाच नाही. अ‍ॅटकिन्स यांचा 'सायबोट्रॉन' हा गट १९८१ मध्ये पहिली तबकडी घेऊन आला आणि १९८५ मध्ये त्यांनी 'मेट्रोप्लेक्स' हे लेबल सुरू केले.

मिल्स यांची सुरुवात कशी झाली?

१९८० च्या दशकात ते 'द विझार्ड' या टोपणनावाने डेट्रॉइटच्या रेडिओवर तबकड्या वाजवत असत. हा विझार्ड कार्यक्रमात बोलत नसे. हिप-हॉप, इलेक्ट्रो, नव्या लाटेचे पॉप, शिकागोचे हाउस आणि शहरातले ताजे टेक्नो तो अतिशय वेगाने एकात एक गुंफत असे. पुढच्या काळात त्यांच्या सादरीकरणाची जी वैशिष्ट्ये मानली गेली, त्यांची बीजे याच काळात आहेत : प्रत्येक तबकडीचा नेमका तेवढाच तुकडा वापरायचा, श्रोत्याला सावरायला फार उसंत द्यायची नाही, आणि स्वतःच्या चेहऱ्याऐवजी हातांना बोलू द्यायचे.

रेडिओच्याच काळात त्यांनी 'फायनल कट' या गटात इंडस्ट्रियल धाटणीचे संगीत केले. त्या धातूच्या खणखणाटाचा अंश त्यांच्या १९९० च्या दशकातील टेक्नोमध्ये स्पष्ट ऐकू येतो.

'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' हे काय होते?

माइक बँक्स आणि मिल्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन केलेला हा गट आणि त्याचे लेबल. थोड्याच काळात रॉबर्ट हूड त्यांना येऊन मिळाले. या गटाने मोठ्या कंपन्यांशी करार करायचे नाकारले, आपल्या तबकड्या स्वतः काढल्या आणि विकल्या, आणि चेहरे झाकून सादरीकरण केले. कृष्णवर्णीय कलावंताचा चेहरा विकून संगीताचा नफा दुसऱ्यांनी नेण्याचा अमेरिकन संगीत उद्योगाचा इतिहास त्यांना चांगलाच ठाऊक होता. 'मोटाउन' या सोल संगीताच्या कंपनीचे जागतिक साम्राज्य ज्या डेट्रॉइटमध्ये उभे राहिले आणि मग कॅलिफोर्नियाला निघून गेले, त्याच शहरातले हे लोक होते. मुखवटा म्हणजे बाजाराला दिलेला नकार होता, आणि ऐकणाऱ्याने केवळ आवाजावरून मत बनवावे, हा आग्रहही त्यात होता.

मिल्स १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या गटातून बाहेर पडून न्यूयॉर्कला गेले आणि तेथील 'लाइमलाइट' क्लबमध्ये नियमित वाजवू लागले. बँक्स यांनी गट पुढे चालू ठेवला. एका मार्गाने शहराशी आणि समूहाशी बांधिलकी जपली, दुसऱ्याने एकट्याने अवकाशाकडे नजर लावली. टेक्नोला या दोन्हींची गरज होती.

डेट्रॉइटचे संगीत बर्लिनमध्ये एवढे का रुजले?

९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमध्ये अनेक इमारती अशा उरल्या की ज्यांचा मालक कोण, हेच ठरलेले नव्हते. १९९१ मध्ये डिमित्री हेगेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या वेर्टहाइम डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या खोल्यांत 'ट्रेझोर' हा क्लब उघडला. गंजलेल्या लोखंडी कपाटांच्या त्या बुटक्या खोलीत पूर्वेचे आणि पश्चिमेचे तरुण बहुधा प्रथमच शेजारी-शेजारी उभे राहून एकाच ठोक्यावर हलले. क्लबच्या नावानेच निघालेल्या लेबलची पहिली तबकडी 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'च्या मंडळींनी 'एक्स-१०१' या नावाने केलेली होती, आणि १९९२ साली मिल्स यांचा पहिला एकल अल्बमही तेथूनच आला.

मोडकळीला आलेल्या एका शहराचे संगीत नुकत्याच जोडल्या गेलेल्या दुसऱ्या शहराने आपलेसे केले, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. या संगीतात शब्द नव्हते, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. त्यात भूतकाळाचा उमाळा नव्हता, आणि बर्लिनच्या त्या पिढीला भूतकाळाचे ओझे नकोच होते.

डीजे प्रत्यक्षात करतो तरी काय? दुसऱ्यांची गाणीच तर वाजवतो!

ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला सविस्तर उत्तर देणे योग्य ठरेल.

डीजेसमोर तबकड्या फिरवणारी किमान दोन यंत्रे, म्हणजे टर्नटेबल, आणि त्यांच्यामध्ये त्यांचे आवाज एकत्र करणारा एक मिक्सर असतो. एक तबकडी सभागृहात वाजत असताना तो दुसरी केवळ हेडफोनमध्ये ऐकतो, पिच कंट्रोलची पट्टी सरकवून तिचा वेग पहिलीशी जुळवतो (टेक्निक्सच्या प्रसिद्ध १२०० मालिकेतील एमके-२ या टर्नटेबलवर हा फरक उणे-अधिक ८ टक्क्यांपर्यंत करता येतो), आवर्तनाची सुरुवात सुरुवातीवर आणतो आणि मग दोन्ही आवाज एकत्र सोडतो. इतके तंत्र सरावाने कुणालाही जमते. कला त्यापुढे सुरू होते : कोणत्या क्षणी कोणते रेकॉर्ड, पहिल्याचा खर्ज काढून दुसऱ्याचा केव्हा आणायचा, आणि ताण किती वेळ धरून ठेवायचा.

मिल्स तीन आणि कधी त्याहून अधिक टर्नटेबल एकाच वेळी वापरतात आणि अनेकदा एखादे रेकॉर्ड मिनिटभरही पूर्ण वाजू देत नाहीत. तीन तबकड्या एकत्र वाजत असताना जे ऐकू येते, ते त्यांपैकी एकाही तबकडीवर नसते. टोकियोच्या 'लिक्विड रूम' या क्लबमधील १९९५ च्या रात्रीचे ध्वनिमुद्रण १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते या पद्धतीचा आजही सर्वांत चांगला पुरावा आहे. त्यात सुया घसरतात, ठोके क्षणभर विसकटतात आणि पुन्हा जुळवले जातात, आणि हे काहीही नंतर दुरुस्त केलेले नाही. घडत असलेल्या गोष्टीचा धोका त्यात ऐकू येतो. दुसऱ्यांच्या तबकड्या येथे कच्चा माल असतात, आणि त्यांतून जन्मणारा सलग तास-दीड तासाचा आकार ही वाजवणाऱ्याचीच रचना असते.

२००४ मध्ये त्यांनी 'एक्झिबिशनिस्ट' हा डीव्हीडी काढला, ज्यात कॅमेरे त्यांच्या हातांवर आणि यंत्रांवर रोखलेले आहेत. डीजेच्या कामाविषयी शंका असणाऱ्याने तो अवश्य पाहावा.

टीआर-९०९ या यंत्राचे एवढे महत्त्व का?

जपानच्या रोलँड कंपनीने १९८३ मध्ये हे ड्रम मशीन बाजारात आणले. खऱ्या ड्रमसेटची हुबेहूब नक्कल हवी असलेल्या संगीतकारांनी त्याकडे पाठ फिरवली, ते थोड्याच काळात उत्पादनातून गेले आणि जुन्या बाजारात स्वस्त झाले. स्वस्त झाले म्हणूनच ते शिकागो आणि डेट्रॉइटच्या तरुणांच्या हाती लागले. त्याचा किक छातीत बसणारा आहे आणि हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीचा आवाज) धारदार. मिल्स तबकड्या थांबवून केवळ या एका यंत्रावर सभागृह तोलून धरतात : बटणे दाबून ठोके क्षणात घालतात, काढतात, त्यांचे वजन बदलतात. यंत्र त्यांच्या हातात वाद्य होते, आणि वादकाचे बोट, त्याची चूक व त्याचा निर्णय हे सारे त्यात उमटते.

टेक्नो इतके एकसुरी आणि पुनरावृत्तीचे का असते?

टेक्नोविषयीचा सर्वाधिक विचारला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

गाण्यात आपण पुढे काय येणार याची वाट पाहतो : अंतरा, ध्रुवपद, चढत गेलेला शेवट. टेक्नो ही अपेक्षा काढून घेतो. तोच चार मात्रांचा तुकडा पन्नासाव्यांदा आला की कानाला 'पुढे काय' यात रस उरत नाही आणि तो 'आत्ता काय' हे ऐकू लागतो. एरवी सुटून गेले असते असे बारकावे मग पुढे येतात : हाय-हॅट किंचित उघडला, एका सुराची शेपटी लांबली, खर्जाखाली आणखी एक खर्ज होता. पाच मिनिटांनी आलेला एवढासा बदल संपूर्ण खोलीला जाणवतो, कारण तिथे प्रत्येक जण तेवढाच सूक्ष्म ऐकत असतो. ज्याला पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते, तो बहुधा स्वरावलीची वाट पाहत असतो. त्याने ती वाट पाहणे सोडून दिले की हे संगीत वेगळे ऐकू येते.

मिल्स यांनी ही कल्पना तिच्या टोकापर्यंत नेली. व्हायनिलच्या तबकडीवरील खाच साधारणपणे गोल गोल फिरत आत जाते. परंतु ती वर्तुळात बंद केली, तर सुई त्याच जागी फिरत राहते आणि एकच तुकडा कुणी थांबवेपर्यंत वाजतो. १९९४ मध्ये 'अ‍ॅक्सिस'वरून त्यांनी अशा बंद खाचांची तबकडी काढली. येथे एक सुंदर गणित आहे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण होतो. त्या फेऱ्यात चार ठोके बसवले, तर मिनिटाला सुमारे १३३ ठोक्यांचा वेग आपोआप मिळतो, आणि तो टेक्नोचा अगदी स्वाभाविक वेग आहे. तबकडीचा भौतिक आकार आणि नृत्याची लय अशी एकाच वर्तुळात सामावतात.

त्याच वर्षी 'अ‍ॅक्सिस'ने रॉबर्ट हूड यांचे 'मिनिमल नेशन' प्रसिद्ध केले. रेव्हमधले, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या मोठ्या नृत्यमेळाव्यांतले, संगीत अधिकाधिक भपकेबाज आणि वेगवान होत चालले असताना या दोघांनी उलट दिशा धरली. एकेक थर उतरवत जे उरवले, ते ठोका, एखादा आवाज आणि त्यांच्यामधली जागा एवढेच.

नृत्याविषयी मिल्स यांचा विचार नेमका काय आहे?

टेक्नो हे केवळ नाचण्याचे संगीत म्हणून जन्मलेले नाही, ते भविष्याविषयीचे विधान आहे, ही भूमिका त्यांनी मुलाखतींतून वारंवार मांडली आहे. विज्ञानकथा, ग्रह, अंतराळप्रवास आणि काळ हे त्यांचे आवडीचे विषय आहेत. जे अजून अस्तित्वात नाही, त्याचा आवाज कसा असेल, हा प्रश्न ते संगीतातून विचारतात.

मग नृत्य कशासाठी? माझ्या समजुतीनुसार उत्तर असे आहे की नाचणारे शरीर अपरिचित गोष्ट अधिक मोकळेपणाने स्वीकारते. खुर्चीत बसून ऐकणारा माणूस प्रत्येक नव्या आवाजाला आवडले की नाही या तराजूत घालतो. नाचणाऱ्याच्या पायांना मात्र ठोक्याचा आधार मिळालेला असतो आणि त्या भरवशावर त्याचे कान अनोळखी प्रदेशात जाऊ शकतात. अंधारी, साधी, मोठ्या स्पीकरची खोली या कामासाठी फार उपयुक्त आहे. कोण कसा नाचतो हे अंधारात कुणी पाहत नाही, आणि डीजे उंच मंचावर नसेल तर सगळ्यांची तोंडे त्याच्याकडेच वळलेली राहत नाहीत. डेट्रॉइटमध्ये १९८८ ते १९८९ या अल्पकाळात चाललेल्या 'म्युझिक इन्स्टिट्यूट' या क्लबमध्ये मद्य मिळत नसे; लोक पहाटेपर्यंत संगीतासाठी थांबत. बर्लिनचा 'बेर्घाइन' हा क्लब आजही प्रवेशद्वारावर फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो. हे नियम जाचक वाटतात, पण ज्या खोलीत प्रत्येक हालचाल टिपली जाते, तेथे माणसे मोकळेपणाने नाचत नाहीत.

या संस्कृतीचा अमली पदार्थांशी संबंध आहे, हे नाकारता येईल का?

नाकारता येणार नाही आणि नाकारूही नये. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून युरोपातील रेव्हमध्ये अमली पदार्थ मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि त्यांपायी जीवही गेले. परंतु पुनरावृत्तीत गुंग होण्यासाठी रसायन आवश्यक असते, हा समज चुकीचा आहे. सलग काही तासांचा ठोका, अंधार आणि शेजारच्यांची हालचाल ध्यान एकवटायला पुरेशी असतात.

क्लब ही खरोखर 'संस्कृती' मानता येते का? सरकारांचे काय म्हणणे आहे?

सरकारांचे म्हणणे काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे फार बदलले आहे. ब्रिटनने १९९४ च्या फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात उघड्यावर रात्री भरणाऱ्या रेव्हवर बंधने घातली, आणि त्यासाठी संगीताच्या व्याख्येत एकापाठोपाठ येणाऱ्या पुनरावर्ती ठोक्यांचा स्पष्ट उल्लेख केला. एका विशिष्ट लयीच्या संगीतावर कायद्याने बोट ठेवण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. याउलट जर्मनीत २०१६ साली एका वित्तीय न्यायालयाने 'बेर्घाइन'मधील कार्यक्रम सांस्कृतिक स्वरूपाचे मानले आणि त्यामुळे तिकिटांवर १९ ऐवजी ७ टक्क्यांचा कर लागू झाला. लोक तेथे मुख्यतः डीजेला ऐकण्यासाठी येतात का, हा त्या खटल्यातील कळीचा मुद्दा होता. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा समावेश जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाला. या मान्यतेचा आनंद आहे. मात्र जी कला डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवली, तिच्या वारशाची चर्चा करताना त्यांचे नाव पहिल्या ओळीत यायला हवे, अशी माझी ठाम धारणा आहे.

वाद्यवृंद आणि चित्रपट यांच्याकडे मिल्स का वळले?

२००० मध्ये त्यांनी फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटासाठी नवे संगीत केले. यंत्रांच्या शहराविषयीचा चित्रपट आणि मोटारींच्या शहरातला संगीतकार यांची ही जोडी मनापासून पटते. २००५ मध्ये फ्रान्समधील पाँ द्यु गार या रोमन पुलाजवळ माँपेलिएच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह त्यांनी आपल्या रचना सादर केल्या. फ्रान्स सरकारने २००७ मध्ये त्यांना कला आणि साहित्य क्षेत्रातील शव्हालिए हा सन्मान दिला आणि २०१७ मध्ये त्यापुढचा ऑफिसिए हा दर्जा दिला.

वाद्यवृंदासह केलेले सगळेच प्रयोग मला सारखे यशस्वी वाटत नाहीत. व्हायोलिनने सिंथेसायझरची ओळ वाजवली की तिचा कठोरपणा कधीकधी विरघळून जातो आणि केवळ भव्यता उरते. ज्येष्ठ नायजेरियन तालवादक टोनी अ‍ॅलन यांच्याबरोबरचे २०१८ मधील काम मात्र अव्वल आहे. अ‍ॅलन यांनी नायजेरियन संगीतकार फेला कुटी यांच्यासह अ‍ॅफ्रोबीट ही संगीतशैली घडवली होती. त्यांचे हलते, लवचिक ठोके आणि ९०९ चे नेमके ठोके एकमेकांना जागा देतात, आणि यंत्राचा ताल व माणसाचा ताल यांत भांडण असलेच पाहिजे, ही कल्पना तेथे निकाली निघते.

मिल्स यांच्या भूमिकेवर कोणते आक्षेप घेतले जातात?

पहिला आक्षेप असा की अवकाश, ग्रह आणि भविष्य यांच्या चर्चेत नाचण्याचा साधा आनंद हरवतो. काही संकल्पनात्मक अल्बमांच्या बाबतीत तो खरा आहे. ते ऐकताना कल्पना आधी पोहोचते आणि संगीत मागाहून. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : समोर अन्याय दिसत असताना अंतराळाकडे पाहणे म्हणजे पळवाट नव्हे काय? यावर मला असे म्हणावेसे वाटते की ज्या समाजाच्या वाट्याला इतिहासात सतत दुसऱ्यांनी लिहिलेला भविष्यकाळ आला, त्यातल्या कलावंताने स्वतःचे भविष्य स्वतः कल्पिणे ही राजकीय कृतीच आहे. जाझ संगीतकार सन रा आणि फंक गट पार्लमेंट यांच्यापासून ही परंपरा चालत आलेली आहे, आणि मिल्स तिचेच वारसदार आहेत.

नव्या श्रोत्याने कुठून सुरुवात करावी?

प्रथम 'लिक्विड रूम'चे ध्वनिमुद्रण ऐकावे, आणि शक्य असल्यास न थांबता सलग. त्यानंतर 'द बेल्स' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना ऐकावी, म्हणजे इतक्या थोड्या सामग्रीत केवढे वजन आणता येते याची कल्पना येईल. मग हूड यांचे 'मिनिमल नेशन', आणि शेवटी अ‍ॅलन यांच्याबरोबरचे काम. मोबाइलच्या स्पीकरवर यातला खर्ज ऐकूच येत नाही आणि खर्जाविना या संगीताचा अर्धा आशय नाहीसा होतो. निदान चांगले हेडफोन तरी वापरावेत. पहिल्या दहा मिनिटांत काहीच घडत नाही असे वाटले तर एकच आवाज निवडावा, उदाहरणार्थ हाय-हॅट, आणि त्याचाच माग काढत राहावे. ऐकताना उभे राहावेसे वाटले तर जरूर उभे राहावे.